चौघांची एक वेळ

येसबांना मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं. समुद्रापलीकडं, मोरसच्या बेटावर, ऊसतोडीच्या करारावर येऊन मला चारच दिवस झाले होते आणि उसातला तो माझा पहिला दिवस. आमचा मळा होता त्या सें पिएरकडं सकाळी धुकं उतरतं, उसाच्या रुपेरी तुऱ्यांवर टेकून राहतं, आणि मग तुरा कुठं संपला नि धुकं कुठं लागलं हे डोळ्यांना उमगत नाही. पाच हातांवरचा माणूस दिसत नव्हता. नुसते कोयत्यांचे आवाज येत होते, पाण्याखालून यावेत तसे. इतक्यात कुठूनसा एक म्हातारा, खरखरीत आवाज आला, "हायत का रे?"

चहूकडून उत्तरं उमटली. "हाय." "हाय, येसबा." कुणी परक्या बोलीत म्हणालं, "बानी हो बाबा." मी गप्प राहिलो, कारण हे मलाही विचारलंय असं मला वाटलंच नाही. मग समोरचा ऊस सळसळला, पानं बाजूला झाली आणि पांढऱ्या भुवयांचा, काटक, उंच म्हातारा माझ्यापुढं उभा राहिला.

"तू बोल्लास नाय," ते म्हणाले. "नवा हायस म्हणून सोडतो. पण हाकेला ओ देत जा. तू हायस, हे शेजारच्याला कळलं पायजे." एवढं सांगून ते धुक्यात परत गेले. त्या क्षणी मला उगीच वाटलं की आपण घरापासून फार लांब नाही.

माझं नाव गणू. संगमेश्वराकडच्या एका देवळातल्या गुरवाचा मी मुलगा. वडिलांनी बाळबोध अक्षरं गिरवून घेतली होती, म्हणून पुढं मजुरांच्या चाळीत पत्रं लिहायचं काम माझ्याकडं आलं. या चाळींना तिकडं सगळे 'कां' म्हणत. गवताची छपरं, कुडाच्या भिंती, मागं काळ्या धोंड्यांचे ढीग, आणि दूर तो डोंगर, ज्यानं डोक्यावर एक मोठा धोंडा तोलून धरलाय. आजही डोळे मिटले की तो डोंगर आधी दिसतो आणि त्याच्या पायथ्याशी येसबा.

साठीच्या जवळ आलेल्या माणसाला मळ्यावर कुणी घेत नसे. येसबांनी मुंबईच्या बंदरात मिशीला काजळ लावून आपलं वय चाळीस सांगितलं होतं. डॉक्टरनं तळहात पाहिले, घट्टे पाहिले आणि पुढं सोडलं. "गलबतावर वल्लं वारं सुटलं," येसबा सांगायचे, "काजळ गळून सदऱ्यावर आलं. कप्तान बघतो तर मी एका रातीत म्हातारा झालेला! पण तवा परत कुठं सोडणार?" हे सांगताना ते स्वतः हसत नसत. ऐकणारा हसेपर्यंत थांबत आणि मग पुढच्या कामाला लागत.

तरुणपणी ते पायदळात होते. पेशवाई बुडायच्या आधी, सह्याद्रीतल्या एका घाटावर कुणा छोट्या सरदाराची चौकी होती, तिथले ते शिपाई. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण लढाईबद्दल विचारलं की ते भलतंच बोलत. घाटातल्या करवंदांबद्दल, नाहीतर चौकीवरच्या एका बोक्याबद्दल. एकच गोष्ट मात्र त्यांनी चाळीत आणली होती. त्यांनी आमच्या टोळीला चौघाचौघांत वाटून दिलं. दोघांनी तोडायचं, एकानं पाला सोलायचा, एकानं मोळी बांधायची आणि थकला की जागा बदलायची. मुकादम आधी कुरकुरला. मग आमच्या टोळीचं काम दुपारपर्यंत आटोपायला लागलं, तेव्हा गप्प झाला. "ताकद नाय लागत," येसबा म्हणायचे, "वेळ लागते. चौघांची एक वेळ."

आमच्या चौघांत येसबा, मी, साताऱ्याकडचा रामा आणि गंगेकाठचा बुधन असे होतो. रामा म्हणजे नुसता पहाड. दोन मोळ्या दोन खांद्यांवर घेऊन पळायचा आणि वर सगळ्यांनी ते पाहिलंय ना, याची खात्री करून घ्यायचा. बुधन लहानखुरा, अबोल, पण हाताचा चलाख. आम्ही एकमेकांची बोली अर्धीमुर्धी समजायचो. उरलेली येसबांच्या मानेच्या हालचालीवरून कळायची.

आता माझं दुखणं सांगतो. मी आल्यावर दोन वर्षांनी माझी बायको सखू आमच्या छोट्या यमूला घेऊन दुसऱ्या गलबतानं आली. ती येणार हे मला कळलं होतं. पोर्ट लुईला जायचा परवाना मी मागितला, तो मिळाला एक दिवस उशिरा. मी बंदरावर धावत पोचलो, तोवर तिचा अंगठा घेऊन तिला दक्षिणेकडं, सूयाकच्या मळ्यावर पाठवलंही होतं. म्हणजे बेटाच्या दुसऱ्या टोकाला. परवान्याशिवाय वाटेत दिसलेल्या मजुराला घोडेवाले शिपाई धरून कोठडीत घालत. आमच्या मळ्याच्या मोठ्या साहेबाला मी तीनदा विनवलं. तो वाईट माणूस नव्हता. फक्त त्याला आमचं काहीच तातडीचं वाटत नसे. "नंतर बघू," असं तो म्हणे आणि मुकादम ते मराठीत करून सांगे. दीड वर्षात मी सखूला दोनदा भेटलो. दुसऱ्या वेळी यमू मला पाहून आईच्या पाठीमागं लपली.

त्या वर्षी साहेबाचा पुतण्या विलायतेहून, म्हणजे फ्रान्सहून, आला. पंचविशीचा, देखणा, सतत कंटाळलेला. चाळीत त्याला सगळे 'धाकटा मिस्ये', म्हणजे धाकटा साहेब, म्हणायला लागले. साहेबाच्या दिवाणखान्यात या पुतण्याच्या आज्याचं चिलखत टांगलेलं होतं. छातीपाठीचे पोलादी पत्रे, खांद्यांवरून पितळी खवल्यांचे पट्टे आणि काळ्या केसांचा तुरा असलेलं शिरस्त्राण. खारट हवेनं त्याला गंज चढला होता. चिंच आणि राख लावून पोलाद कसं घासायचं हे येसबांना येतं असं मुकादमानं सांगितल्यावर त्यांना बोलावणं आलं. हाताखाली मी गेलो.

दोन दिवस आम्ही व्हरांड्यात बसून घासत होतो. येसबा त्या चिलखताला असा हात लावत होते, जसा आंधळा माणूस ओळखीच्या माणसाच्या तोंडाला लावतो. खांद्याचा पट्टा चाचपला, बगलेखालची फट बोटानं मोजली, मानेच्या कडेवर अंगठा फिरवला. दुसऱ्या दिवशी धाकटा मिस्ये तिथं आला. चकाकलेलं पोलाद पाहून खूश झाला आणि मुकादमाकडं वळून काहीतरी बोलला.

"ते म्हणतात," मुकादमानं सांगितलं, "हे अंगात घालून घोड्यावर बसलं की पायी माणसाची काय बिशाद! शंभर असले तरी पळतील."

येसबा मान वर न करता म्हणाले, "चार लागतात."

"चार काय?"

"माणसं."

मुकादमानं ते भीत भीतच फ्रेंचमध्ये सांगितलं. धाकटा मिस्ये मोठ्यानं हसला. आत बसलेला साहेब बाहेर आला, त्यालाही गंमत वाटली. बोलण्यातून बोलणं वाढत गेलं आणि व्हरांड्यातच ठरलं की तोडणी संपेल त्या दिवशी, शेवटची गाडी कारखान्यात गेल्यावर, पुतण्या चिलखत घालून घोड्यावर बसेल आणि या म्हाताऱ्यानं आपली चार माणसं आणून त्याला खाली पाडून दाखवावं. घोड्याला इजा होता कामा नये, माणसालाही नको. धार असलेलं काही हातात नको.

"आणि पाडलं तर?" साहेबानं विचारलं. "म्हाताऱ्याला काय हवं?"

येसबांच्या कराराचं दीड वर्ष उरलं होतं. त्यांना गावाची ओढ होती हे मला माहीत होतं. रविवारी ते पश्चिमेच्या टेकाडावर जाऊन नुसते समुद्राकडं बघत बसायचे. आता ते स्वतःची सुटका मागतील असं मला वाटलं. येसबा उठले, हाताची राख झटकली आणि म्हणाले, "ह्या गणूची बायको नि पोर सूयाकला हायत. ती हितं यावीत. साहेबानं तसं पत्र लिवावं."

साहेबानं खांदे उडवले आणि "बों," म्हणाला. म्हणजे ठीक. माझ्या हातातली चिंच मी इतकी दाबली होती की तिचा कोळ मनगटावरून ओघळत होता.

पुढचे रविवार मला स्वप्नात पाहिल्यासारखे आठवतात. चाळीमागच्या माळावर बाभळीच्या शेंगांचा वास असायचा, साळुंक्या भांडत असायच्या आणि बैलगाडीच्या जुवावर चढून चाळीतलं एखादं पोर घोडेस्वार व्हायचं. येसबा आम्हाला शिकवायचे. एकानं लांब बांबू घेऊन समोर उभं राहायचं आणि घोड्याची चाल मोडायची. दुसऱ्यानं त्याच क्षणी बाजूनं घोंगडी घोड्याच्या डोळ्यांवर टाकायची, कारण डोळे झाकले की घोडा जागीच थबकतो. तिसऱ्यानं स्वाराचा पाय रिकिबीतून काढून वर उचलायचा. चौथ्यानं पलीकडून बांबूला बांधलेली लाकडी आकडी खांद्याच्या पट्ट्यात अडकवून ओढायचं.

"त्याला आपण पाडत नाय," येसबा सांगायचे. "तो आपल्याच वजनानं पडतो. एकदा कलला की त्याचं लोखंड आपल्याकडनं लढतं. लोखंड म्हंजे आपला पाचवा गडी."

रामाला हे पटायचं नाही. "म्या एकट्यानं त्याला कमरंला धरून खाली वडतो की," तो म्हणायचा.

"वडशील," येसबा म्हणायचे. "पण तू एकटा शूर झालास की बाकीचे तिघं पोरके होतात."

समोर बांबू घेऊन उभं राहायची जागा त्यांनी रामाला दिली. घोंगडी माझ्याकडं, आकडी बुधनकडं. पाय उचलायचं काम येसबांनी स्वतःकडं ठेवलं. एकदा रामाला ताप होता, म्हणून मी म्हटलं, "येसबा, आज समोर तुम्हीच उभे राहा." ते एकदम म्हणाले, "मी समोर ऱ्हानार नाय." आणि सगळं तिथंच सोडून ओढ्याकडं चालू लागले.

मी मागोमाग गेलो. दुपारचं ऊन फिलाओच्या, म्हणजे सुरूच्या, झाडांतून चाळून येत होतं आणि त्या झाडांचा तो आवाज, समुद्र जवळ नसतानाही समुद्रासारखा, आमच्या भोवती घुमत होता. येसबा पाण्यात पाय सोडून बसले होते. त्यांनी ओंजळीनं तोंडावर पाणी मारलं. मग म्हणाले, "ही अक्कल माझी नाय, गणू. कोंडूची हाय."

कोंडू हा चौकीवरचा त्यांचा जोडीदार, त्यांच्याच वाडीतला. त्याचा बाप बैलांना नाल ठोकायचा. नाल ठोकण्याआधी चार माणसं दोर लावून बैलाला कसं अलगद आडवं करतात, हे कोंडूनं लहानपणापासून पाहिलेलं. घाटावरचा एक जहागीरदार चिलखती स्वार घेऊन चौकीवर येणार अशी बातमी आली, तेव्हा सगळे पळायच्या बेतात होते. भाला मारला तर पत्र्यावरून घसरतो, तलवारीची धार बोथटते. कोंडू म्हणाला, बैल पाडतो तसे यांना पाडू. महिनाभर त्यानं पन्नास जणांना चौघाचौघांत शिकवलं.

"आणि पाडले?" मी विचारलं.

"पाडले. घाटाच्या अरुंद वाटंत एकामागनं एक पाच पाडले. उताणे पडल्यावर कासवासारखे हातपाय हलवत होते. मागचे स्वार ते बघून परत फिरले." येसबांनी पाण्यातला एक गोटा पायानं पालथा केला. "सहावा मात्र सुटला. तोबी आमच्याच चौघांवर आला. मी समोर होतो, भाला घेऊन. कोंडू घोंगडी घेऊन बाजूला. घोडा येतो तवा आधी जमिनीला कळतं, गणू. पायाच्या तळव्यांतनं वर येतं. मी त्याच्या आधी पाच घोड्यांसमोर उभा ऱ्हायलो होतो. सहाव्याला मला काय झालं ते अजून कळत नाय. मी बाजूला झालो. एक पाऊल. कोंडू ठरल्यापरमाणं पुढं आला, घोडा थांबलेला असंल अशा हिशेबानं. घोडा थांबला नव्हता."

ओढ्याचं पाणी त्यांच्या पायांना वळसा घालून जात होतं.

"गावात मी सांगितलं, मी शेवटपर्यंत उभा होतो. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. कोंडूची बायको भागी, तिनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी गाव सोडलं ते आजतागायत. मधी समुद्र घातला, तरी गाव लांब जाईना."

 मी त्यांच्या शेजारी पाण्यात पाय सोडून बसलो. संध्याकाळी उठताना ते एवढंच म्हणाले, "समोर रामाच ऱ्हाईल."

तोडणीचा शेवटचा दिवस उजाडला. शेवटच्या गाडीला फुलं आणि रंगीत फडकी बांधली होती, ढोलकी वाजत होती, कुणी केळीच्या पानांवर भात वाढत होतं. कारखान्यापुढच्या पटांगणात साहेबलोक छत्र्या धरून बसले. धाकटा मिस्ये आला तेव्हा ढोलकी आपोआप थांबली. ऊन त्याच्या छातीवर पडून असं फुटत होतं की त्याच्याकडं बघवत नव्हतं. काळा तुरा, काळा उंच घोडा आणि मधे नुसता उजेड. हातात बोथट तलवार होती. "आले! आले!" तो ओरडला, म्हणजे या पुढं, आणि त्यानं घोड्याला टाच मारली.

रामा बांबू घेऊन समोर उभा होता. घोडा दहा हातांवर आला असेल, तेवढ्यात रामानं बांबू फेकला आणि एकट्यानंच स्वाराच्या कमरेवर झेप घेतली. त्याचे हात पोलादावरून घसरले. घोड्याच्या खांद्याचा धक्का लागून तो कोलमडला, वरून तलवारीचं पातं पाठीत बसलं. मी घोंगडी घेऊन निम्म्यात उभा होतो, ती टाकायला समोर घोडाच नव्हता. साहेबलोक हसले.  रामा धुळीत बसून राहिला, त्याला उठायची लाज वाटत होती.

पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला घोडा वळत होता. येसबा रामापाशी गेले. मला वाटलं रागावतील. त्यांनी फक्त हात दिला आणि म्हणाले, "तू माझ्या जागेवर जा. पाय उचल." मग पडलेला बांबू उचलून ते स्वतः समोर जाऊन उभे राहिले.

मी त्यांच्या डाव्या हाताला, चार पावलांवर होतो. कोंडूची जागा ती. घोडा येत होता. खरंच आधी जमिनीला कळलं, माझ्याही तळव्यांना. येसबांनी बांबूवरची पकड एकदा बदलली. मानेवरून घाम वाहत होता. मला वाटलं, आता हे बाजूला होणार, आणि खरं सांगतो, झाले असते तर मी त्यांना दोष दिला नसता. घोडा इतका जवळ आला की त्याच्या नाकपुड्यांतली लाली दिसली. येसबा हलले नाहीत. घोड्याची छाती बांबूवर आली, बांबू वाकला आणि कडकन मोडला, धक्क्यानं येसबा डाव्या खांद्यावर मागं कोसळले, पण घोड्याची चाल तुटली. मागचे पाय जमिनीत रुतवून तो उभाच्या उभा थबकला आणि मी घोंगडी टाकली.

त्यानंतरचं सगळं एका श्वासात झालं आणि तरी मला ते फार सावकाश आठवतं. आंधळा झालेला घोडा पुतळ्यासारखा उभा. रामानं, आपल्या सगळ्या ताकदीसकट, फक्त एक पाय रिकिबीतून काढला आणि वर उचलला. पलीकडं बुधनची आकडी पितळी पट्ट्यात बसली. "हो गइल बाबा!" तो ओरडला. तो उजेडाचा माणूस आधी थोडा कलला, मग आणखी थोडा, जणू त्याला झोप आली आहे, आणि मग आपल्याच वजनानं धप्पकन धुळीत आला.

चाळीतून मोठा कल्लोळ उठला. पण येसबा जमिनीवरूनच ओरडत होते, "त्याला सोडवा! आधी त्याला सोडवा रे!" तेव्हा आमचं लक्ष गेलं. शिरस्त्राणाचा पट्टा धाकट्या मिस्येच्या गळ्यात रुतला होता आणि त्याला श्वास घेता येत नव्हता. तोंड निळं पडत चाललं होतं. बुधननं चपळाईनं बक्कल काढलं. रामानं आणि मी त्याला बसतं केलं, पाठीचे पट्टे सोडले. आतून एक घाबरलेला, घामानं भिजलेला पोरगा निघाला. तो बराच वेळ रामाच्या दंडाला धरून होता.

श्वास आल्यावर त्यानं मुकादमाकडून विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

येसबांचा खांदा निखळून हाड मोडलं होतं. ते पडल्या जागी टेकून बसले होते. म्हणाले, "कोंडूनं."

"कोण कोंडू?" मुकादमानं आम्हाला विचारलं. मी डोक्याचं मुंडासं सोडून येसबांचा हात गळ्यात बांधू लागलो.

साहेब पत्राचं विसरून गेला असता, कदाचित. धाकटा मिस्ये विसरला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं काकाला समोर बसवून पत्र लिहून घेतलं आणि त्याच काळ्या घोड्यावरून ते स्वतः सूयाकला नेलं. पंधरा दिवसांनी एका दुपारी उसाच्या रिकाम्या गाडीत बसून सखू आणि यमू आल्या. सखू गाडीतून उतरली, माझ्याकडं पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ते येसबा कुठले?"

येसबांचा डावा हात पुन्हा उठला नाही. तोडणी सुटली, त्यांना तबेल्यापाशी राखणीचं हलकं काम मिळालं. सखू त्यांना भाकरी मोडून द्यायची, मुंडासं बांधून द्यायची. यमू त्यांना 'आजा' म्हणायची आणि माझ्याआधी त्यांच्या मांडीवर जाऊन बसायची. त्या दीड वर्षात येसबा बदलले होते. टेकाडावर जायचे, पण आता समुद्राकडं बघताना त्यांचा चेहरा निवांत असायचा. करार संपला तेव्हा मी म्हटलं, "राहा इथंच. आता आम्हीच तुमचे."

"तुमीच हायत," ते म्हणाले. "म्हणून तर जायचं बळ आलं. भागीला जाऊन खरं सांगायचं हाय."

"चाळीस वर्षं होत आली, येसबा. ती असेल तरी का?"

"नसंल तर तिच्या उंबऱ्याला सांगीन."

पोर्ट लुईच्या बंदरावर आम्ही तिघं त्यांना पोचवायला गेलो, परवाना घेऊन. यमू रडत होती. येसबांनी तिच्या डोक्यावर चांगला हात ठेवला, सखूला म्हणाले, "सांभाळ गं बाई," आणि शिडीवर चढले. गलबत सुटलं तेव्हा कठड्यापाशी इतकी माणसं होती की त्यांत ते कुठले हे आम्हाला ओळखू आलं नाही. आम्ही सगळ्यांनाच हात हलवत राहिलो.

चार वर्षं काहीच कळलं नाही. मग नव्या गलबतानं आलेल्यांत सोनू नावाचा एक गडी आमच्या चाळीत आला. त्यानं येसबांच्याच गावाचं नाव सांगितलं, तेव्हा मी त्याला येसबांबद्दल विचारलं. तो म्हणाला, "एका हाताचा म्हातारा? तो आमच्याच वाडीत ऱ्हातो की."

सोनूनं सांगितलं ते असं. येसबा गावात आले ते थेट भागीच्या अंगणात गेले आणि उभ्या उभ्या, चार माणसांदेखत, सगळं खरं सांगितलं. भागी सुपात तांदूळ पाखडत होती. तिनं ऐकून घेतलं आणि पुन्हा पाखडायला लागली. त्या दिवसापासून गावानं येसबांशी बोलणं टाकलं. ते वाडीच्या टोकाला एका पडक्या गोठ्यात राहू लागले. रोज सकाळी भागीच्या कुणग्यात, भाताच्या त्या छोट्या शेतात, जायचे, एका हातानं तण काढायचे, बांधाचे दगड रचायचे. भागी बोलायची नाही. पण दुपारी बांधावर पानात गुंडाळलेली भाकरी ठेवलेली असायची. दोन पावसाळे असेच गेले.

"मग एका दुपारी," सोनू म्हणाला, "मी शेजारच्या कुणग्यात नांगर धरून होतो. म्हातारी स्वतः भाकरी घेऊन आली. उभी ऱ्हायली आणि म्हणाली, 'त्या दिवशी ते जेवले होते का?' म्हातारा म्हणाला, 'जेवला होता. तू बांधून दिलेली नाचणीची भाकरी, वर सुकी मासळी. सकाळी आम्ही दोघांनी मिळून खाल्ली.'"

"मग?" सखूनं विचारलं.

"मग काय नाय. म्हातारी बांधावर बसली. भाकरी मोडली, अर्धी त्याच्या हातात दिली आणि अर्धी आपण खायला लागली."